पंडिता रमाबाई : आपल्या श्रद्धेला जागलेली एक स्त्री

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते पंडिता रमाबाईंचे. मी काही विदुषी नाही. सातवीपर्यंत शाळा झाली आणि पुढे संसारात पडले. पण दुपारी कामे आवरली की थोडे वाचावयाचे, ही सवय मात्र सुटलेली नाही. त्या वाचनातून रमाबाईंची जी ओळख मला झाली, ती आपल्या भगिनींपुढे ठेवीत आहे. लिहिण्यात काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

रमाबाईंचे नाव निघाले की कोणी म्हणते, त्यांनी विधवांसाठी केवढे मोठे काम केले! आणि लगेच दुसरे कोणी म्हणते, पण त्यांनी धर्म सोडला ना? या 'पण'पाशी बहुतेक वेळा बोलणे संपते. मी ख्रिस्ती नाही. माझ्या घरी देव्हारा आहे आणि दारात तुळस आहे. तरीही मला वाटते की, या 'पण'च्या पलीकडे जाऊन रमाबाईंकडे पाहिले पाहिजे. आपल्या मनाला जे पटले ते त्यांनी धरले, ते कोणापासून लपविले नाही, त्यापायी घरच्यांची आणि परक्यांची, दोघांचीही बोलणी खाल्ली, आणि हातातले काम मात्र टाकले नाही. आपल्या मंडळात हळदीकुंकवाला येणाऱ्या भगिनी आहेत, तशा नाताळात फराळाचे ताट घेऊन येणाऱ्याही आहेत. ही हकिकत दोघींनीही ऐकण्यासारखी आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. सध्याच्या कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाचे ठिकाण आहे, तेथे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आश्रम करून राहत. अनंतशास्त्री हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित आणि वृत्तीने कर्मठ. पण एका बाबतीत ते जगावेगळे होते. बायकोला संस्कृत शिकवावयाचेच, असा त्यांनी हट्ट धरला आणि लक्ष्मीबाईंना शिकविले. त्या काळी हे मोठेच पाप समजले जाई. उडुपीच्या विद्वानांच्या सभेपुढे त्यांना याचा जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांतलीच वचने काढून स्त्रीला संस्कृत शिकविण्यात अधर्म नाही, हे मांडले. आपल्याला पटलेली गोष्ट दहा लोकांपुढे उभे राहून सांगावयाची, हा गुण रमाबाईंना वडिलांकडून मिळाला असावा, असे मला वाटते.

रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब डोंगर उतरून तीर्थयात्रेला निघाले. मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून खाली आणले होते. तेव्हापासून रमेला स्वतःचे घर असे नव्हते. देवळाच्या आवारात किंवा धर्मशाळेत उतरावयाचे, पुराण सांगावयाचे, लोक जे देतील त्यावर गुजराण करावयाची. या फिरस्तीतच आईने रमेला संस्कृत शिकविले. इतर मुली त्या वयात भातुकली खेळत, तेव्हा ही मुलगी भागवताचे श्लोक पाठ म्हणत असे. पुढे हजारो श्लोक तिच्या जिभेवर होते. चुलीपाशी बसून मुलीला घडविणाऱ्या त्या लक्ष्मीबाईंचे नाव आपण बायकांनी तरी विसरू नये.

मग दुष्काळ आला. हे कुटुंब दक्षिणेकडे असताना जवळचे पैसे संपले, भांडी गेली, दागिने गेले. व्रते, दानधर्म, नवस सारे करून झाले. अंगमेहनतीचे काम कोणी कधी केलेले नव्हते आणि भीक मागावयाची लाज वाटे. 1874 मध्ये अनंतशास्त्री गेले. थोड्याच काळाने आईही गेली. तिच्यासाठी रमेने शेजारी जाऊन भाकरीचा तुकडा मागून आणला होता, पण तो खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून आईच्या तिरडीचा आपल्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला आणि तशीच स्मशानापर्यंत चालत गेली. हा प्रसंग मी वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही पटकीने गेली.

राहिली ती दोघे भावंडे. ती पायी हिंडत निघाली. थंडीत पांघरूण नाही, पोटाला धड अन्न नाही. अशा स्थितीत दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे, हजारो मैलांची चाल त्यांनी केली. 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची ही मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सभांतून व्याख्याने होऊ लागली. वर्तमानपत्रांतून नाव झाले.

पण कीर्ती वाढत असताना रमाबाईंच्या मनात निराळेच चालले होते. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेदाची प्रत दिली. धर्मशास्त्रावर स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून त्यांनी स्मृतिग्रंथ काढून वाचले. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की, हे ग्रंथ बाकी शेकडो गोष्टींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री ही हीन आहे आणि मोक्षाचा अधिकार तिला नाही, यावर मात्र त्यांचे एकमत आहे. त्यांना जे वाटले, ते त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. कोणाला ते कडू लागेल. आपल्याच संतांनी बायकांना भक्तीचे दार उघडले, जनाबाई आणि बहिणाबाई होऊन गेल्या, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या मुलीने सारे नेमधर्म पाळूनही आई, बाप आणि बहीण उपाशीपोटी गेलेली पाहिली, तिने हा प्रश्न विचारावयाचा नाही, तर कोणी विचारावयाचा?

1880 मध्ये भाऊ श्रीनिवासही ढाक्याला वारला. आता त्यांना रक्ताचे असे कोणी उरले नाही. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर निराळ्या जातीचा आणि निराळ्या प्रांताचा. दोन्हीकडून बहिष्कार आला. त्यांनी आसामात सिल्चरला संसार थाटला. तेथे पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी वाचली. ख्रिस्ती धर्माशी ही त्यांची पहिली जवळची ओळख. एक पाद्री घरी येऊन बायबलातल्या गोष्टी सांगू लागला. बिपिनबाबूंना बायकोने ख्रिस्ती व्हावे, हे मुळीच रुचले नाही. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा जन्मली, आणि तिला वर्षही पुरे झाले नव्हते तोच फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि पदरात तान्ही मुलगी!

रमाबाई त्या वर्षी पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्यासारखी जी महिला मंडळे पुढे गावोगावी निघाली, त्यांची ही आजीच म्हणावयास हवी. रमाबाई रानडे त्या सभांना जात आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा राग सोशीत. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवावयास स्त्रियाच हव्यात आणि रोग्यांना तपासावयास स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी ठासून मांडले. स्वतःही डॉक्टर व्हावे, म्हणून 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्च उभा केला आणि 1883 मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. निघताना, काही झाले तरी मी ख्रिस्ती होणार नाही, असे त्यांनी स्नेह्यांना सांगितले होते. तेव्हा ते त्यांच्या मनातलेच होते.

वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे फार दुःखद अंत झाला. कान अधू असल्यामुळे डॉक्टरीचे शिक्षणही साधले नाही. पण याच काळात त्यांनी लंडनमध्ये एक गोष्ट पाहिली. वाईट मार्गाला लागलेल्या बायकांसाठी त्या भगिनींनी घर चालविले होते. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना त्या जवळ घेत, कामाला लावीत, माणसांत आणीत. हे तुम्ही कोणत्या बळावर करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, लोकांनी नावे ठेवलेल्या त्या बाईशी येशू आदराने बोलला. अशा बायकांना आपल्याकडे काय वागणूक मिळते, ते रमाबाईंनी तीर्थोतीर्थी पाहिले होते. शिवाय नेहेम्या गोरे हे मूळचे काशीचे ब्राह्मण पंडित, पुढे ख्रिस्ती झालेले. त्यांच्याशीही त्यांचा विचारविनिमय झाला. अखेर 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात एकच गहजब झाला. काल ज्यांनी सरस्वती म्हणून हार घातले, तेच आज दोष देऊ लागले. वर्तमानपत्रांनी झोड उठविली. हे सारे कोणालाही अपेक्षितच वाटेल. पण दुसरा विरोध आला तो ख्रिस्ती मंडळींकडून, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे आता ही आपले मुकाट्याने ऐकेल, असे तेथील वडील मंडळींना वाटले असावे. पण रमाबाई प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारीत. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला नीट पटेपर्यंत त्या नुसती मान डोलवीनात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. मला ती कळत नाहीत, माझ्या देशातल्या बायकांनाही कळणार नाहीत, मग संस्कृत शब्द का नसावेत, असे त्यांनी विचारले. त्यांनी मांसाहार केला नाही. गोड पदार्थात अंडे असले तरी तो त्या खात नसत. हा अहंकार आहे, जुन्या धर्माचा अंश अजून उरला आहे, असे त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटे. रमाबाईंनी त्यांना पत्रांतून उत्तरे दिली. त्यांचा आशय असा की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नाही. मी देवापुढे वाकेन, त्याच्या नावाने हुकूम सोडणाऱ्या माणसांपुढे वाकणार नाही. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत असताना तरुण पुरुषांना हिंदी भाषा शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात तिचा मान राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बाई, काय गंमत आहे पाहा! वडिलांना उडुपीला जो जाब द्यावा लागला, तसलाच मुलीला विलायतेत द्यावा लागला.

परक्या मुलखात, परक्यांच्या अन्नावर राहून असे बोलावयास किती धीर लागत असेल, याचा आपण विचार करावा. आपण सासरी नव्याने येतो, तेव्हा भाजीत मीठ कमी आहे एवढेही सांगावयास जीभ उचलत नाही. रमाबाईंनी सोबतीच्या लोकांचे उपकार मानले, प्रेम ठेवले, आणि तरी आपली बुद्धी गहाण ठेवली नाही.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई तिकडे गेल्या. एक ख्रिस्ती झालेली, दुसरी हिंदूच राहिलेली. दोघींच्या प्रेमात धर्म आड आला नाही. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते 1887 मध्ये निघाले. त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. येथे धर्म शिकवावयाचा नाही, ज्या मुलीला जो धर्म पाळावयाचा तो तिने पाळावा, अशी अट होती. मुलींच्या सोवळ्याओवळ्याला, देवपूजेला कोणी हात लावीत नसे. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या तेथे शिकल्या, शहाण्या झाल्या, आणि हिंदूच राहिल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, त्याच्या वर्गणीसाठी त्यांनी पायपीट केली. शारदासदनाचे काय फळ, असे कोणी विचारले तर एवढे एक उदाहरण पुरे.

आता येते ती सर्वांत अवघड गोष्ट. रमाबाई रोज सकाळी मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि बायबल वाचीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. ही बातमी बाहेर गेली. 'केसरी'ने कडक टीका केली. पालक घाबरले. सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या वजनदार माणसांनी, जी स्वतः स्त्रीशिक्षणाची कैवारी होती, 1893 मध्ये जाहीरपणे अंग काढून घेतले. पुष्कळ मुलींना त्यांच्या नातलगांनी घरी नेले.

भगिनींनो, या भांडणात कोणाचे बरोबर? मी पुष्कळ विचार केला. मुलीच्या आईच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते, तेव्हा तिची भीती मला कळते. घरात आधीच कपाळ फुटलेले, त्यात मुलगी धर्मालाही मुकली तर जातीत तोंड कसे दाखवावयाचे? रानडे-भांडारकरांचीही अडचण खरी होती. लोकांचा विश्वास गेला, तर स्त्रीशिक्षणाचे सारे कामच बुडेल, असे त्यांना वाटले. शिक्षिकेकडे मुले ओढली जातात, तिचे पाहून शिकतात, हेही खोटे नाही. रमाबाईंना ते कळत नसेल, असे मी म्हणणार नाही.

पण रमाबाईंची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते की, मी कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला हाकलीतही नाही. हिंदू मुलींना त्यांची पूजा करावयाची मोकळीक आहे, तशी मला माझ्या खोलीत माझी प्रार्थना करावयाची मोकळीक हवी. दार लावून घेतले असते, तर कदाचित सारे वादळ टळले असते. पैसा आला असता, मुली राहिल्या असत्या, मोठ्या लोकांचा आधार राहिला असता. पण आपली श्रद्धा ही चोरून करावयाची गोष्ट आहे, असे त्यांना मान्य नव्हते. त्या रागावून पुणे सोडून गेल्या नाहीत. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना त्यांनी उलट शिव्या दिल्या नाहीत. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी शाळा चालू ठेवली. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी घेतला नाही. जबरदस्ती आणि आपखुशी यांत फरक आहे, आणि आपल्याला न आवडणारी गोष्ट कोणी आपखुशीने केली, तर ती जबरदस्तीच असली पाहिजे, असे धरून चालू नये. माझे मत असे आहे. दुसऱ्या कोणाचे निराळे असेल, तर त्याचाही मला राग नाही.

यानंतर 1896 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. ती बातमी ऐकून रमाबाईंना स्वतःचे दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीने हाडे निघालेल्या, कोणाच्याही हाती सापडून नासल्या जाणाऱ्या मुली आणि विधवा मिळून सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. त्यांना ठेवावयाचे कोठे? पुण्यात प्लेगचे भय. तेव्हा पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला त्यांनी आधी जमीन घेऊन ठेवली होती, तेथे तंबू आणि झोपड्या उभारल्या. त्या काळात प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल झाले, त्यावर 1897 मध्ये त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारचे उघड वाभाडे काढले. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारची झाली, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

केडगावची ती वस्ती 1898 पासून 'मुक्ती' या नावाने नांदू लागली. तेथे मात्र रमाबाईंनी कामाला उघड ख्रिस्ती रूप दिले. बॉस्टनच्या मंडळींशी ठरलेली दहा वर्षे तेव्हा पुरी झाली होती. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आणल्या. एकंदर संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार तोंडांचे दोन वेळचे अन्न! आपल्या मंडळाच्या सहलीला पन्नास जणींचा स्वयंपाक करताना आपली कशी तिरपीट उडते, ते आठवावे. आणि तेथे बसून खाणारी कोणी नव्हती. शेती, गाई, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सारे बायका चालवीत. फसलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. आंधळ्या मुलींसाठी शाळा होती; त्यांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी उभे केले. लंडनला जे घर पाहून रमाबाईंच्या मनाचा निश्चय झाला, तसले घर त्यांनी आपल्या मातीत, साडी नेसून, शाकाहारी राहून उभे केले.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलाचे मराठी भाषांतर. आधीचे भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, तिला कळेल अशा सोप्या मराठीत ते असावे, असे त्यांना वाटे. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबावयाचे नाही, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले होते. खिळे जुळविणे, छापणे, हेही मुक्तीतल्याच बायकांनी केले. ज्यांना एके काळी अक्षर काढणे पाप म्हणून सांगितले गेले, त्यांच्या हातून केवढा ग्रंथ छापून निघाला!

1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पण सुख फार काळ पदरी पडावयाचे नव्हते. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी, जिच्यावर पुढचे सारे सोपवावयाचे होते! तरी त्या माउलीने भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. ते संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. 1989 मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती संस्था आजही चालू आहे.

रमाबाईंचे चरित्र वाचून प्रत्येकीने त्यांच्यासारखेच वागावे, असे मी सांगणार नाही. मला माझा विठोबा पुरेसा आहे. पण श्रद्धा कशी सांभाळावी, हे मात्र या ख्रिस्ती बाईकडून शिकण्यासारखे आहे. जे मानावयाचे ते समजून मानावे. न समजता केवळ वडील सांगतात म्हणून नव्हे. मानले की उघडपणे मानावे. कोणी विचारले तर शांतपणे सांगावे, कोणी नावे ठेवली तर त्याच्याशी वैर धरू नये, आणि आपला धर्म खरा असल्याचा पुरावा भुकेल्याला घास घालून द्यावा. आपल्या गल्लीतली शेजारीण निराळ्या देवाला हात जोडीत असली, तरी अडीअडचणीला तिच्या दारी आपण जातो आणि ती आपल्या दारी येते. तिने आपली प्रार्थना दार लावून करावी, अशी वेळ आपण तिच्यावर आणू नये, आणि आपल्यावरही कोणी आणू नये.

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात आणि साक्षरतेच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक भगिनीला हे थोडेसे वाचून रमाबाईंची संपूर्ण चरित्रे वाचावीशी वाटली, तर माझे लिहिणे कारणी लागले असे मी समजेन. मंडळाची अशीच भरभराट होवो, ही प्रार्थना. ती ज्याने त्याने आपापल्या देवापुढे करावी.